चुकिया, मोहरी आणि बावन्न ठोकळे

भिलाईत मापाला मान आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव मिलिमीटरच्या हिशेबात वाढले. देशभरच्या रेल्वेगाड्या इथल्या रुळांवरून धावतात. सेक्टरांच्या क्वार्टरांमध्ये केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल आणि विदर्भ एकमेकांचे शेजारी झाले. कॅथलिक कुटुंबेही याच ओघात आली; काही दक्षिणेतून, काही जशपूरकडच्या उरांव गावांतून. त्यांची मुले कारखान्याच्या भोंग्याबरोबर मोठी झाली, रविवारी मिस्साला गेली, मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात बसली.

अशा एखाद्या घरात आई ठरवते की लहान मुलाचे धर्मशिक्षण घरीच करायचे, आणि तेही माँटेसरी पद्धतीने, म्हणजे पाठांतरापेक्षा हाताळण्यावर भर देऊन. मग ती साहित्याची यादी शोधते. छोटी वेदी, तिच्यावरचा चषक आणि तबकडी, मेंढवाडा, मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या, यरुशलेमचा नकाशा, उपासनेच्या वर्षाचे रंगीत चक्र. सगळे गुळगुळीत लाकडाचे, पॉलिश केलेले, परदेशात बनलेले. वस्तूच्या किमतीवर जहाजाचे भाडे चढते, भाड्यावर सीमाशुल्क. एका पगारावर चालणाऱ्या घराचा हात तिथेच आखडतो. पुष्कळांचा बेत याच पायरीवर मोडतो, आणि तो मोडायला नको. ही पद्धत मुळात श्रीमंतांच्या घरात जन्मलीच नव्हती.

रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरींनी पहिले ‘बालकांचे घर’ उघडले. इमारतीच्या मालकांना एवढीच चिंता होती की आईबाप कामाला गेल्यावर पोरे भिंती आणि जिने खराब करतात. त्यांनी एक खोली दिली. 6 जानेवारी हा चर्चच्या पंचांगातला प्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटले तो दिवस. उद्घाटनाच्या भाषणात माँटेसरींनी त्या दिवसाच्या मिस्सामधल्या यशया संदेष्ट्याच्या वाचनाचाच आधार घेतला होता. त्या श्रद्धाळू कॅथलिक होत्या, डॉक्टर होत्या, आणि त्यांच्यासमोर बसलेली मुले अंगावर धड कपडे नसलेल्या घरांतली होती.

साहित्य महाग झाले ते पुढे, आणि त्याला कारणही सबळ होते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत नेमक्या एकेक सेंटिमीटरने वाढतात. तो फरक चुकला तर मुलाच्या हाताला आणि डोळ्याला जे कळायला हवे तेच कळत नाही. चूक मुलाला वस्तूनेच दाखवायची असते, बाईंनी नाही. म्हणून अशी साधने चांगल्या कारागिराकडूनच घ्यावी लागतात. 1929 मध्ये हॉलंडमध्ये आल्बर्ट नीनहाउस यांनी याच कामासाठी कारखाना काढला. भिलाईतल्या कुठल्याही फिटरला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

धर्मशिक्षणाच्या साहित्याची गोष्ट वेगळी आहे, आणि खरेदीच्या यादीपुढे बसलेल्या आईबापांनी हा फरक सगळ्यात आधी ओळखावा. मेंढवाड्याचे कुंपण दोन सेंटिमीटर कमी-जास्त झाले तर उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यात काही उणे पडत नाही. तिथे मापाचा धडा नाहीच. मेंढपाळ आपल्या मेंढ्यांना नावाने हाक मारतो आणि त्या त्याचा आवाज ओळखतात, हे योहानाच्या शुभवर्तमानातले दहाव्या अध्यायातले चित्र मुलाने हाताने हलवून पाहावे, एवढेच त्या लाकडी आकृत्यांचे काम. प्लायवूडचा तुकडा, करवत, पॉलिश पेपर आणि एक मोकळा रविवार एवढ्यात ते होते.

हे केवळ काटकसरीचे समर्थन नाही. ज्या दोघींनी धर्मशिक्षणाची ही पद्धत घडवली त्यांचाच तसा आग्रह होता. सोफिया काव्हालेत्ती या हिब्रू बायबलच्या अभ्यासक. रोमचे एके काळचे मुख्य रब्बी युजेनियो झोली यांच्या विद्यार्थिनी. लहान मुलांना शिकवायचे त्यांच्या मनातही नव्हते. 1954 मध्ये एका ओळखीच्या बाईंनी सात वर्षांच्या मुलाला पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करा म्हणून गळ घातली. बायबल उघडून दोघांनी वाचायला सुरुवात केली, आणि मुलगा निघायला तयार होईना. काव्हालेत्तींनी मग माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या जान्ना गोब्बी यांना सोबत घेतले. पुढची अनेक दशके दोघींनी रोममध्ये मुलांबरोबर काम केले; कुठले साधन मुले पुन्हा पुन्हा उचलतात आणि कुठल्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे पाहत राहिल्या. ज्याला मुलांनी हात लावला नाही ते त्यांनी काढून टाकले. या कामाला ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ असे नाव मिळाले आणि ज्या खोलीत ते चालते तिला अ‍ॅट्रियम. साहित्य शक्यतो शिकवणाऱ्यानेच हाताने तयार करावे, हा त्यांचा जुना दंडक आहे. मेंढी कापता कापता, घासता घासता दाखला करणाऱ्याच्या आत उतरतो. तयार डबा उघडून ते होत नाही. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरांनीही ही पद्धत स्वीकारली, यात नवल नाही.

मराठी वाचकाला इथे कोसबाडची टेकडी आठवायला हवी.

ताराबाई मोडक 1923 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या. दोघांनी माँटेसरी वाचली, वापरली, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शहरी मध्यमवर्गीय बालमंदिरे चालू लागली. ताराबाईंचे समाधान मात्र झाले नाही. 1931च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या माँटेसरी अध्यापक वर्गापुढे बोलताना गांधीजींनीही गरिबातल्या गरिबाच्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोचावे, अशी इच्छा बोलून दाखवली होती. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडला वारली पाड्यांत गेले. तिथे मुले शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून शाळाच अंगणात गेली. परदेशी लाकडी साधनांच्या जागी शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या आणि बांबू आले. मोजणी चिंचोक्यांनी झाली, रंगांची ओळख फुलापानांनी. पद्धतीचा गाभा त्यांनी हलू दिला नाही: मूल स्वतः निवडते, स्वतः हाताळते, मोठ्यांनी मध्ये पडायचे नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज छत्तीसगडच्या गावोगावी ती पाटी दिसते.

खुद्द माँटेसरी 1939च्या शेवटी मद्रासच्या अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ शत्रुदेशाचे नागरिक ठरले आणि त्यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत डांबले गेले. 31 ऑगस्ट 1940 ला, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने त्यांना सोडले. मग युद्धाची वर्षे दोघांनी कोडाईकनाललाही काढली. तिथे डोंगरातली पाने, शेवाळ, प्राणी यांतूनच पुष्कळसे साहित्य उभे राहिले. बाहेरून काही मागवणे युद्धामुळे शक्यच नव्हते.

तेव्हा भिलाईतल्या आईने यादी बाजूला ठेवावी आणि आधी बाजारात फिरून यावे. श्रावणी अमावास्येला, म्हणजे आपल्याकडच्या पोळ्याला, छत्तीसगडात पोरा असतो. त्याच्या आधीच्या दिवसांत कुंभार मातीची खेळणी घेऊन बसतात. मुलग्यांसाठी चाकांचे नांदिया बैल, मुलींसाठी जाँता आणि चुकिया: तळहातावर मावणारे जाते, चूल, मडकी, झाकण्या. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल पाहिलेल्यांना हा बाजार लगेच ओळखीचा वाटेल. जो कुंभार बोटाएवढे मडके घडवतो तो तेवढाच पाण्याचा चंबू, द्राक्षरसाचा चंबू आणि हात धुण्याचे भांडेही घडवतो, फक्त त्याला आठ दिवस आधी सांगावे लागते आणि नमुना दाखवावा लागतो. मिस्सामध्ये धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचे थेंब मिसळतात ती कृती काव्हालेत्ती अगदी लहान मुलांनाही करायला देत. त्यासाठी दोन चंबू आणि एक पेला पुरतो. मातीचा चंबू पडला तर फुटतो, आणि फुटणारी वस्तू जपून धरायला मूल आपोआप शिकते. माँटेसरी वर्गांत काच आणि चिनी माती मुद्दाम ठेवतात ती याचसाठी.

चषक आणि तबकडी मात्र धातूची असावी. भांड्यांच्या दुकानात पितळी भातुकलीतला पेला आणि ताटली सुटी मिळते. प्लास्टिक नको. पैसे वाचतात म्हणून चमकदार प्लास्टिकच्या मेंढ्या आणि बटणातून गाणे वाजणारी गव्हाण घेण्याचा मोह होतो. त्याने मुलाला एवढेच कळते की हेही एक खेळणे आहे. वस्तू कमी असाव्यात, साध्या असाव्यात, खऱ्या पदार्थाच्या असाव्यात. शिवाय खरा चषक पाहायला मिळतोच. धर्मग्रामातल्या फादरांना विचारले तर मिस्सानंतर ते मुलाला सॅक्रिस्टीत नेऊन चषक, झगे, दिवा सगळे दाखवतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मोहरी घरात असतेच. मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही मोहरीचा दाखला दिला आहे. एका डबीत थोडे दाणे, मुलाच्या बोटाच्या टोकावर एकच दाणा, आणि शुभवर्तमानातली दोन-तीन वाक्ये. एवढेच. अर्थ सांगायचा नाही. ‘म्हणजे बरं का बाळा, आपली श्रद्धा पण अशीच’ हे वाक्य जिभेवर येते ते गिळायचे. काव्हालेत्ती इथे फार कडक होत्या: दाखला समजावून दिला की मुलाने शोधायचे काही उरत नाही. नोव्हेंबरात तोच दाणा कुंडीत टाकावा. छत्तीसगडच्या हिवाळ्यात मोहरी फोफावते आणि फुलावर येईतो लहान मुलाच्या डोक्यावरून जाते.

खमिराचा दाखला तर स्वयंपाकघरातच घडतो. पिठाचे दोन गोळे मळायचे, एकात यीस्ट घालायचे, दोन्ही ओल्या फडक्याखाली ठेवायचे आणि तासाभराने मुलाला बोलवायचे. मल्याळी घरात आप्पमचे पीठ फुगताना मूल रोज पाहते. गोव्याकडच्या घरातली आजी सान्नांसाठी माडाची सूर वापरल्याच्या आठवणी सांगते. तिथून दाखल्यापर्यंत पोचायला मुलाला काहीच वेळ लागत नाही.

गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो आणि पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या बाराव्या अध्यायातले वचन. 1915 नंतरच्या बार्सिलोनातल्या वर्षांत माँटेसरींनी मुलांना गहू पेरायला आणि द्राक्षवेल लावायला दिली. त्या गव्हाची भाकर आणि त्या द्राक्षांचा रस मिस्सासाठी जावा, अशी योजना होती. भिलाईत गहू टोपलीत उगवणे मुलांना नवे नाही. श्रावणात शेजारच्या मुली भोजली पेरतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ती घेऊन मिरवत तळ्याकडे जातात. नवरात्रात जवारा उगवतो. त्या टोपल्या दुसऱ्यांच्या पूजेच्या आहेत, त्यांच्याकडे त्याच आदराने पाहावे, आणि आपल्या मुलाने आपल्या कुंडीत गहू पेरावा. पाच दिवसांत कोंब वर येतो.

मेंढ्यांचे तर भाग्यच. शहरातल्या मुलांनी मेंढपाळ चित्रातच पाहिलेला असतो, पण छत्तीसगडात कच्छकडचे रबारी उंट आणि मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरतात. दुर्गच्या बाहेर पडल्यावर कधी रस्ता अडवून कळप जाताना दिसला तर स्कूटर बाजूला घेऊन थांबावे आणि मेंढपाळ कुठल्या आवाजाने मेंढ्या वळवतो ते मुलाला ऐकू द्यावे. त्यानंतर घरच्या प्लायवूडच्या मेंढीला निराळाच जीव येतो.

आता ठोकळे. उपासनेच्या वर्षाचे 52 रविवार म्हणजे 52 लाकडी ठोकळे: आगमनकाळाचे 4 जांभळे, उपवासकाळाचे 6 जांभळे, नाताळ आणि पुनरुत्थानाच्या काळाचे पांढरे, पेंटेकॉस्टचा एक लाल, आणि उरलेल्या सामान्य काळाचे हिरवेच हिरवे. मूल ते क्रमाने मांडते, आणि नाताळ कुठल्या बाजूने येतो, ईस्टरआधी किती जांभळे आहेत, हे बोटाने मोजते. सुताराकडे पडलेल्या पट्टीचे सारखे तुकडे आणि चार रंगांच्या छोट्या डब्या एवढ्यात हे होते. इथे मात्र मापाला महत्त्व आहे, कारण सगळे रविवार सारखे दिसायला हवेत. करवतीसमोर गेज लावून तुकडे पाडणारे हात भिलाईत शोधावे लागत नाहीत. ज्या बाबांना ‘धर्माचे तिच्याकडे’ असे म्हणून बाजूला बसायची सवय असते ते या कामात पहिल्यांदा ओढले जातात, आणि हे वाचलेल्या पैशांहून मोलाचे आहे. त्याच चार रंगांचे धर्मगुरूंचे छोटे झगे शिवायला कापडाच्या दुकानातले कटपीस पुरतात. चित्रांची कार्डे चिकटवायला जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम.

चित्रे कुठली, याचा विचार मात्र करावा. युरोपातली सोनेरी केसांची मारिया छापायला सोपी, पण आपल्या मातीतले चित्रकार आहेत. गोव्यात 1902 मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी साडीतली मारिया, भारतीय अंगणातला येशू रंगवला. आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीका केली तरी ते मागे हटले नाहीत. 1967 मध्ये ते गेले. त्यांची पुष्कळ चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. साडीतली आई बाळाला घेऊन बसलेली पाहिली की भिलाईतले मूल ‘ही कोण’ असे विचारत नाही.

भाषेचेही तसेच. चर्चमध्ये हिंदी, घरात मल्याळम, सादरी किंवा मराठी. लहान मुलाची प्रार्थना घरच्या भाषेतच व्हावी. मराठी घरांना तर या बाबतीत चारशे वर्षांची श्रीमंती लाभली आहे. इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणे ऐकायची सवय होती, तसे काही आम्हालाही द्या अशी त्यांची मागणी होती, आणि स्टीफन्सनी जवळजवळ 11,000 ओव्यांत येशूची कथा दिली. देवळांतून ते रविवारी वाचले जाई. 1956 मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले. लहान मुलाला त्यातल्या दहा ओव्या चालीवर म्हणून दाखवायला ना लाकूड लागते ना रंग. वाचायला लागलेल्या मुलासाठी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आहे; त्यावर मात्र पैसे खर्च करावेत, अगदी साहित्यातल्या दुसऱ्या दोन वस्तू रद्द कराव्या लागल्या तरी. चांगले बायबल आणि एक चांगला क्रूस, या दोन बाबतींत हात आखडू नये.

शाळेचे काय, हा प्रश्न येतोच. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात घरशाळेचा उल्लेख नाही. काही कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग घेतात. पण काव्हालेत्तींच्या कामाचा पहिला टप्पा 3 ते 6 या वयाचा. मोहरी, मेंढवाडा, चंबू, वेदी हे सगळे त्या वयातले. म्हणजे या साहित्याचा सगळ्यात भरीव काळ शाळेच्या सक्तीआधीच येतो, आणि पुढे मूल शाळेत गेले तरी संध्याकाळचा अर्धा तास आणि रविवार कुणी काढून घेत नाही. आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. मूल घरी शिकणार की शाळेत जाणार, यावर ते अवलंबून नाही.

एका घराला सगळे एकदम करायची गरज नाही, आणि एकट्याने करायचीही नाही. दोन-तीन कुटुंबांनी वाटून घेतले तर एकाकडे मेंढवाडा, दुसऱ्याकडे ठोकळे, तिसऱ्याकडे कागदाच्या लगद्याचा पॅलेस्टाइनचा उठावाचा नकाशा, ज्यात नाझरेथ, बेथलेहेम आणि यरुशलेमवर तीन झेंडे. वस्तू घराघरांत फिरतात, आणि पाच वर्षांनी धर्मग्रामाच्या रविवारच्या वर्गाला एक पूर्ण कपाट मिळू शकते. सुरुवातीला हंगाम पाहून चालावे. मातीचे चंबू पोऱ्याआधी कुंभाराला सांगावेत, ऑगस्ट उजाडला की लगेच. लाकडाचे काम दसरा-दिवाळीच्या सुट्टीत उरकावे. मोहरी आणि गहू नोव्हेंबरात पेरावेत. आगमनकाळाचा पहिला रविवार नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत येतो, आणि चर्चचे वर्ष तिथूनच सुरू होते. त्या आधीच्या शनिवारपर्यंत चार जांभळे ठोकळे रंगवून वाळलेले असले म्हणजे झाले. बाकीचे अठ्ठेचाळीस सवडीने रंगवता येतात.